घड्याळ कोणाचे आणि अंतर कुठून कुठवर?

आमच्या शेजारची नववीतली मुलगी मागच्या महिन्यात चाचणी परीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. त्यातले एक गणित असे होते : 'सिंगापूर ते बँकॉक हे हवाई अंतर १४१७ किलोमीटर आहे. एक विमान सिंगापूरहून सकाळी १० वाजता निघते व बँकॉकला ११ वाजून २५ मिनिटांनी पोहोचते. विमानाचा सरासरी वेग काढा.' गुण तीन. वर्गातल्या बहुतेक मुलांनी १४१७ ला ८५ मिनिटांनी भागले, ताशी १००० किलोमीटर असे उत्तर काढले आणि तीन गुण मिळवले. या मुलीचा मामा सिंगापूरला नोकरी करतो. या प्रवासाला दोन तासांहून जास्त वेळ लागतो हे तिने त्याच्या तोंडून ऐकलेले होते. तिने लिहिले, 'दोन्ही वेळा एकाच घड्याळाच्या आहेत की नाहीत ते दिलेले नाही. त्यामुळे वेग काढता येत नाही.' तिला शून्य मिळाले. बाजूला लाल शाईत शेरा होता, 'जे दिले आहे ते वापरावे.'

"काका, माझं चुकलं का हो?" तिने विचारले.

मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. तिचे उत्तर हे त्या गठ्ठ्यातले बहुधा एकमेव बरोबर उत्तर होते, असे माझे मत आहे आणि ते मी तिला सांगितले. परंतु हेही कबूल केले पाहिजे की नोकरीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत ती उत्तरपत्रिका माझ्याकडे आली असती, तर मीही कदाचित तोच शेरा मारला असता. म्हणूनच हा विषय एका मुलीच्या तीन गुणांपुरता राहू नये असे मला वाटते. विद्यार्थी मित्रांनो, आणि विशेषतः शिक्षक बंधुभगिनींनो, हे गणित जरा उलगडून पाहू या.

उत्तर बरोबर एक हजार आले, हीच यातली फसगत आहे. गणिताचे उत्तर पूर्णांकात आले, त्यातून शेवटी तीन शून्ये आली, की ते बरोबर असणारच असा आपला एक समज असतो. प्रश्न काढणाऱ्यालाही तसेच वाटले असावे. विमानाच्या वेळापत्रकातून वेळा उचलल्या, नकाशावरून अंतर घेतले, भागाकार सुरेख आला, आणि प्रश्न तयार झाला. आता हीच रीत परतीच्या प्रवासाला लावून पाहा. त्याच वेळापत्रकात बँकॉकहून दुपारी १२ वाजता निघणारे विमान सिंगापूरला ३ वाजून २५ मिनिटांनी पोहोचते असे दिसेल. म्हणजे २०५ मिनिटे. १४१७ ला त्यांनी भागा. वेग येतो ताशी ४१५ किलोमीटर! जाताना हजार आणि येताना चारशे पंधरा. एखादा हुशार मुलगा म्हणेल, वारा समोरून असेल. हिशेब केला तर असा वारा ताशी २९२ किलोमीटरचा, आणि तोही वर्षाचे बारा महिने, एकाच दिशेने वाहायला हवा. विषुववृत्ताजवळच्या या भागात, विमाने उडतात त्या उंचीवर, असा वारा नाही. उत्तरेकडे जपानच्या बाजूला हिवाळ्यात तसे जोरदार झोत असतात, पण ते इथून फार दूर.

खरी गोष्ट साधी आहे. बँकॉकचे घड्याळ सिंगापूरच्या घड्याळाच्या एक तास मागे असते. सिंगापूरची प्रमाण वेळ ग्रिनिचच्या ८ तास पुढे आहे, थायलंडची ७ तास. तेव्हा जातानाच्या ८५ मिनिटांत ६० मिळवायचे आणि येतानाच्या २०५ मधून ६० वजा करायचे. दोन्हीकडून १४५ मिनिटे येतात, म्हणजे २ तास २५ मिनिटे. मामाचे म्हणणे खरे ठरले. सरासरी वेग ताशी सुमारे ५८६ किलोमीटर होतो.

इथे कुणी म्हणेल, 'एवढेच ना? प्रमाण वेळ भूगोलात शिकवतोच आम्ही. रेखांशावरून मुलांना ती काढता आली असती.' नाही, आली नसती, आणि हेच सांगण्यासारखे आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. सिंगापूरचा चांगी विमानतळ १०३.९९ पूर्व रेखांशावर आहे आणि बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ १००.७५ वर. फरक ३.२४ अंशांचा. चाराने गुणले की १३ मिनिटे. सूर्य बँकॉकला सिंगापूरपेक्षा फक्त १३ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, आणि घड्याळे मात्र ६० मिनिटांनी वेगळी! उरलेली ४७ मिनिटे सूर्याने दिलेली नाहीत, सरकारांनी दिलेली आहेत.

त्याची कथा मौजेची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, सिंगापूरची वेळ ग्रिनिचच्या साडेसात तास पुढे केली होती. १९४२ मध्ये जपान्यांनी बेट घेतले आणि घड्याळे टोकियोच्या वेळेवर, म्हणजे नऊ तासांवर नेली. १९४५ मध्ये जपान हरल्यावर ती पुन्हा साडेसातवर आली. पुढे मलेशियाने आपल्या पूर्वेकडच्या साबा-सारावाक या प्रांतांशी मेळ बसावा म्हणून मलाय द्वीपकल्पाची वेळ अर्ध्या तासाने पुढे घेतली, आणि शेजारच्या सिंगापूरनेही १९८२ च्या आरंभी तसेच केले. तेव्हापासून सिंगापूरला सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी एकच्या सुमारास आणि उजाडते सातच्या आसपास. आपल्यालाही याचे फारसे नवल वाटायला नको. भारतीय प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' मुंबईत १९५५ पर्यंत चालू होती.

आता चाचणीतले गणित १९८१ सालच्या घड्याळांवर सोडवून पाहा. सिंगापूर आणि बँकॉक यांच्या घड्याळांत तेव्हा अर्ध्याच तासाचा फरक होता. हेच विमान १० वाजता निघून बँकॉकला ११ वाजून ५५ मिनिटांनी पोहोचले असते आणि 'वेग' निघाला असता ताशी ७३९ किलोमीटर. १९८२ उजाडल्याबरोबर तो हजार झाला असता, इंजिनाला हातही न लावता!

याहून मोठी गंमत जकार्ताची आहे. नकाशा काढून पाहा. जकार्ताचा विमानतळ १०६.६६ पूर्व रेखांशावर, म्हणजे सिंगापूरच्या पूर्वेला आहे. पूर्वेकडे सूर्य आधी माथ्यावर येतो, तेव्हा जकार्ताचे घड्याळ सिंगापूरच्या पुढे असले पाहिजे, असे आपला भूगोल सांगतो. प्रत्यक्षात ते एक तास मागे आहे. सिंगापूरहून १० वाजता निघालेले विमान ८८३ किलोमीटरवरच्या जकार्ताला तिथल्या घड्याळात साधारण १० वाजून ५० मिनिटांनी पोहोचते. चाचणीतल्या रीतीने वेग काढला तर ताशी १०६० येतो. अकरा किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेत ध्वनीचा वेग जवळजवळ एवढाच असतो. म्हणजे त्या शेऱ्यानुसार वागून 'जे दिले आहे ते' वापरले, तर साधे प्रवासी विमान ध्वनीच्या वेगाने उडवून आपण तीन गुण घेऊ शकतो.

वेळेचे हे असे. आता अंतराकडे वळू. चाचणीत १४१७ हा आकडा असा दिला आहे, जणू कुणी टेप धरून मोजला. तो कुठून आला ते तुम्ही स्वतः काढू शकता, आणि काढावाच. त्यासाठी नकाशासंग्रह, वही आणि पायथागोरस एवढे पुरे. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,०३० किलोमीटर धरला तर एका अंशाला १११.२ किलोमीटर पडतात. चांगी १.३६ उत्तर अक्षांशावर आहे, सुवर्णभूमी १३.६९ वर. फरक १२.३३ अंश, म्हणजे उत्तरेकडे १३७१ किलोमीटर. रेखांशातला फरक ३.२४ अंश. रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना जवळ येत जातात, म्हणून इथे मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे साडेसात अंशांच्या, कोसाइनने गुणायचे. तो आहे ०.९९१. पश्चिमेकडचे अंतर येते ३५७ किलोमीटर. दोन्ही बाजूंचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ : १४१७. इतक्या थोड्या अंतरावर आणि विषुववृत्ताच्या इतके जवळ पायथागोरस छान चालतो. लांबच्या, उत्तरेकडच्या प्रवासाला तो फसतो. तिथे गोलावरची त्रिकोणमिती लागते. मार्ग मात्र दोन्हीकडे एकाच जातीचा, बृहद्वृत्ताचा. पृथ्वीगोलावर दोन टाचण्या टोचून त्यांत दोरा ताणला की तो ज्या रेषेवर बसतो ती ही रेषा.

पण पृथ्वी नेमकी गोल नाही, ध्रुवांशी चपटी आहे. विषुववृत्ताजवळ अक्षांशाच्या एका अंशाची लांबी ११०.६ किलोमीटरच भरते, ध्रुवाजवळ १११.७. हा आकडा घेऊन वरचे गणित पुन्हा करा. उत्तर १४१० येते. म्हणजे पृथ्वीच्या आकारामुळे सात किलोमीटर कमी झाले. फोनवर विचारले तर कुणी १४१७ सांगतो, कुणी १४१०, आणि मुले विचारतात, 'यातले बरोबर कुठले?' दोन्ही बरोबर. एकाने पृथ्वी चेंडूसारखी धरली, दुसऱ्याने चपटी धरली. कुणी काय धरले ते कळले की भांडण मिटते. पण फोन ते आपण होऊन सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

वर्गात हमखास येणारा आणखी एक प्रश्न असा की विमान दहा-अकरा किलोमीटर उंचावरून जाते, मग अंतर वाढत नाही का? वाढते, पण किती ते काढा. दहा किलोमीटरने त्रिज्या वाढली तर ६३७१ ची ६३८१ झाली. वाढ हजारात दीड. १४१७ किलोमीटरांत दोन-सव्वादोन किलोमीटर. वर चढतानाचा तिरपा मार्ग म्हणाल, तर दोनशे किलोमीटर जाता जाता दहा किलोमीटर चढण्यात पाव किलोमीटरच जास्त पडतो. मुलांना वाटते त्यापेक्षा हे फारच थोडे. याउलट ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ते जास्त असते. बँकॉकला दोन मोठे विमानतळ आहेत. २००६ मध्ये सुरू झालेला सुवर्णभूमी आणि जुना डॉन म्युआंग. डॉन म्युआंगला उतरलात तर अंतर एकदम २७ किलोमीटरांनी वाढते. 'सिंगापूर ते बँकॉक' असे म्हणून भागत नाही ते यासाठी.

क्वालालंपूरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तिथला जुना विमानतळ सुबांगला होता. चांगीपासून तो ३३५ किलोमीटर. १९९८ मध्ये नवा विमानतळ सेपांगला, शहराच्या दक्षिणेला बराच दूर सुरू झाला. चांगीपासून तो २९७ किलोमीटर. हवाई अंतर ३८ किलोमीटरांनी घटले, वेळापत्रक बघणाऱ्याला शहरे जवळ आल्यासारखी दिसली. शहरे होती तिथेच आहेत. उलट विमानातून उतरल्यावर प्रवाशाला पूर्वीपेक्षा जास्त लांब जावे लागते.

प्रत्यक्षात विमान ताणलेल्या दोऱ्यावरून जात नाही हेही आहेच. सिंगापूर-बँकॉक रेषा मलाय द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूने जाऊन क्वाला तेरेंगानूच्या आसपास जमीन सोडते आणि थायलंडच्या आखातावरून वर जाते. विमाने आखून दिलेल्या हवाई मार्गांनी, थोडी वळसे घेत जातात. शिवाय उड्डाण आणि उतरणे वाऱ्याला सामोरे जाऊन करायचे असते. चांगीच्या धावपट्ट्या साधारण उत्तर-दक्षिण आहेत. ईशान्य मोसमी वारे असताना विमान उत्तरेकडे तोंड करून उडते, म्हणजे थेट बँकॉकच्या वाटेला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत तेच विमान दक्षिणेकडे, बँकॉककडे पाठ करून उडते आणि मग वळून येते. उन्हाळ्या-पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मार्ग वेगळा, अंतर वेगळे. वेळापत्रकातला आकडा मात्र एकच.

आता मूळ प्रश्न. ही विमाने सपाट उडताना ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटर वेगाने जातात, हे कुठल्याही माहितीपुस्तकात सापडते. मग १४५ मिनिटे का लागावीत? १४१७ किलोमीटरांना पंचाण्णव-शंभर मिनिटे पुरे झाली असती. इथे मी माझ्या विद्यार्थ्यांना आलेख काढायला लावतो. सिंगापूर हे आरंभस्थान. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर वेळ. वेळ घड्याळांचा फरक काढून टाकलेली. वेळापत्रके कंपनीनुसार पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे होतात, म्हणून मी मधले आकडे घेतो. क्वालालंपूर २९७ किलोमीटर, सुमारे ७० मिनिटे. जकार्ता ८८३, सुमारे ११०. बँकॉक १४१७, सुमारे १४५. तीन बिंदू मांडा, पट्टी ठेवा. बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. पण ही रेषा आरंभबिंदूतून जात नाही! क्वालालंपूरपासून बँकॉकपर्यंत अंतर ११२० किलोमीटरांनी वाढते आणि वेळ ७५ मिनिटांनी. म्हणजे ताशी ८९६ किलोमीटर. माहितीपुस्तकातला वेग रेषेच्या चढात लपून बसला होता. आणि ती रेषा मागे वाढवली की उभ्या अक्षाला ५० मिनिटांपाशी छेदते.

दरवर्षी हा क्षण मला आवडतो. सूत्र पाठ असलेली मुले रेषा शून्यातून जावी म्हणून पट्टी सरकवू पाहतात, एक बिंदू 'चुकला असेल' म्हणतात. कारण अंतर भागिले वेग बरोबर वेळ, हे सूत्र शून्यातून जाणारी रेषा देते. पण चूक बिंदूंची नाही. शून्य किलोमीटर जायला पन्नास मिनिटे लागतात, असे ती रेषा सांगते आहे, आणि तिचे म्हणणे ऐकले पाहिजे.

ती पन्नास मिनिटे कुठे जातात? वेळापत्रकातली वेळ विमान हवेत असते तेवढीच नसते. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागेवरून हलते तेव्हापासून दुसरीकडे ते थांबून ठोकळे लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. विमानवाले त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगेने सरकणे त्यात आले. उतरल्यावर दारापर्यंत जाणे आले. मग हवेतला संथपणा. सुमारे तीन किलोमीटर उंचीच्या खाली विमाने सर्वसाधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरांच्या वर जात नाहीत. जमिनीला टेकताना वेग अडीचशेच्या घरात असतो. चढण्या-उतरण्यात असा जो उशीर होतो तो प्रवास लांबचा असो की जवळचा, जवळपास तेवढाच. शिवाय कंपन्या थोडी मोकळी मिनिटे राखून ठेवतात, म्हणजे विमान जरा अडकले तरी 'वेळेवर' पोहोचते. क्वालालंपूरचे विमान तर बरेचदा पुरते वर जातही नाही, चढून झाले की उतरायला लागते. म्हणून त्याचा सरासरी वेग निघतो ताशी २५५ किलोमीटर. घरापासून विमानतळ, तिथली तपासणी, उतरल्यावर शहरापर्यंतचा रस्ता हे सगळे मिळवा, आणि पाच-सहा तासांत सिंगापूरहून क्वालालंपूरला पोहोचवणारी बस पाहा. फरक फारसा उरत नाही.

तेव्हा 'विमानाचा सरासरी वेग काढा' या प्रश्नाची उत्तरे किती झाली? चाचणीतला १०००, परतीचा ४१५, घड्याळे जुळवल्यावर ५८६, आलेखाच्या चढातून ८९६. यातले पहिले दोन निखालस चूक. पुढचे दोन बरोबर, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे.

माझे काही शिक्षक मित्र यावर म्हणतात, 'तुमचे ठीक आहे. आमच्या वर्गात साठ मुले आहेत, अभ्यासक्रम मार्चच्या आत संपवायचा आहे. गणितात सोपेपणासाठी काही गोष्टी सोडाव्याच लागतात. तुम्हीही घर्षण सोडताच की.' अडचण खरी आहे आणि तिची थट्टा मी करणार नाही. घर्षण आम्ही सोडतो हेही खरे. पण आम्ही 'पृष्ठभाग घर्षणरहित आहे असे समजा' असे लिहून सोडतो. विद्यार्थ्याला कळते की काहीतरी बाजूला ठेवले आहे, आणि पुढे कधीतरी ते परत घ्यायचे आहे. 'दोन्ही वेळा सिंगापूरच्या घड्याळाप्रमाणे' एवढे चार-पाच शब्द प्रश्नात असते, आणि पोहोचण्याची वेळ १२ वाजून २५ मिनिटे अशी दिली असती, तर माझी काही तक्रार नव्हती. त्याला अभ्यासक्रमातला एक तासही जास्त लागला नसता. या प्रश्नात काहीतरी बाजूला ठेवले गेले, ते कुणालाच ठाऊक नव्हते, आणि ज्या एका मुलीला ते दिसले तिला शिक्षा झाली. उरलेल्या एकोणसाठ जणांनी काय शिकले? आकडे दिले की भागायचे. त्यांतला एखादा उद्या औषधाची मात्रा किंवा पुलाचा भार काढायला बसेल तेव्हाही भागाकार बरोबरच करील, याची मला काळजी वाटते.

दुसरा आक्षेप मुलांकडून येतो. 'सर, हे सगळं कशाला? फोनला विचारलं की अंतर आणि वेळ दोन्ही येतं.' येते, जरूर येते. मीही विचारतो. पण चांगी ते सुवर्णभूमी एकदा तरी हाताने काढलेले असले, म्हणजे फोनने १४१० सांगितल्यावर आपण दचकत नाही, आणि उद्या त्याने १८०० सांगितले तर विमानाऐवजी रस्ता तर धरला नाही ना, असा संशय घ्यायला शिकतो. माझी सूचना एवढीच आहे की नववीच्या वर्गात वर्षातून एकदा, दोन तासिकांत, ही तीन शहरे किंवा तुमच्या आवडीची दुसरी तीन घ्यावीत, नकाशासंग्रहातून अंतरे काढावीत, वेळापत्रक मिळवावे आणि आलेख काढू द्यावा. भूगोलाच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून घेतले तर उत्तमच. आणि परीक्षेत कुणी 'हे दिलेले नाही' असे लिहिले, तर तांबडे पेन उचलण्याआधी प्रश्न एकदा स्वतः वाचावा.

ती मुलगी उत्तरपत्रिका घेऊन बाईंकडे गेली होती. बाईंनी तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, पण गुणपत्रके भरून झाली होती. गुण काही बदलले नाहीत. मग तिने एक वेगळेच काम केले. मामा गेल्या आठवड्यात कामासाठी बँकॉकला जाणार होता. त्याला तिने बजावले की मनगटावरचे घड्याळ बदलू नकोस, फोनकडे बघू नकोस कारण तो आपण होऊन वेळ बदलतो, आणि चार वेळा टिपून ठेव. मामाने इमानाने टिपल्या. विमान जागेवरून हलले १० वाजून १२ मिनिटांनी. चाके जमिनीवरून सुटली १० वाजून ३१ मिनिटांनी. टेकली १२ वाजून ३६ मिनिटांनी. विमान थांबले १२ वाजून ४७ मिनिटांनी.

काल ती हे आकडे घेऊन आली. हवेतला वेळ १२५ मिनिटे, त्यावरून ताशी ६८० किलोमीटर. एकूण वेळ १५५ मिनिटे, त्यावरून ५४९. वेळापत्रकापेक्षा दहा मिनिटे जास्त का, जमिनीवर तीस मिनिटे गेली त्यांतली एकोणीस सिंगापूरलाच कशी, तिथल्या रांगेमुळे की धावपट्टी लांब होती म्हणून, असे तिचे प्रश्न होते. मला सगळ्यांची उत्तरे देता आली नाहीत. मामा दहा दिवसांनी परत जायचा आहे. परतीच्या चार वेळा आल्या की त्या ती याच आलेखाच्या कागदावर वेगळ्या शाईने मांडणार आहे.